पाटीतला हिरवा घास

हिंदुराव माझा धाकटा दीर. सासू गेली तवा मुडदा रांगत बी न्हवता. मीच वाढवला, लगीन लावून दिलं, म्हैस घेऊन दिली. येगळा झाला तवा मधी एक भिताड तेवढं आलं. त्या भिताडाचं मला काय वाटलं न्हाय. येडी की मी!

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या फुडच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. भवानी पेठेत हिरवी काडी दिसत न्हवती. वाळका कडबा खाऊन सगळ्यांच्या म्हशी आटल्या. माझी काजळी बी आटाय लागली, अन् माझ्यावानी एकट्या बाईची चूल तिच्याच जिवावर. नवरात्रात घट उठला की त्यातलं उगवलेलं धान मी काजळीला घालायची, तर ती पत्रावळीसकट खायची. मनात आलं, घटात उगवतंय ते घरात का उगवू नये?

हाशमभाई पत्रेवाल्यानं घासलेटचे डबे आडवे चिरून पाट्या करून दिल्या, बुडाला भोकं पाडली. मका रातभर भिजवायचा, वल्या गोणपाटात बांधून मोड आणायचे, मग पाटीत पसरून सावलीला ठिवायचा अन् येता-जाता पाणी शिंपडायचं. आठवड्यात ईतभर हिरवंगार! मुळ्या अशा गुततात की सगळं घोंगड्यावानी उचलून येतंय. काजळी पुन्यांदा चरवी भरून दूध द्याय लागली.

पेठेतले आधी हसले. "काय बजाबाई, माळवं लावलंय व्हय घरात?" मग सोमलिंग हॉटेलवाल्यानं हिंदुरावाचं पाणचट दूध सोडून माझं लावलं. मीच हिंदुरावाला म्हटलं, "तू बी पाट्या लाव की, मी शिकवते." नुसता हसला.

तेवढ्यात कुर्डुवाडीला लेकीचं बाळंतपण निघालं. पहिलटकरीण पोरगी, न जाऊन भागतंय व्हय? मक्याचं पोतं हिंदुरावाच्या हवाली केलं अन् सांगितलं, "लावलेल्या पाट्या संपत येतील, तशा नव्या लाव. काजळीला संबाळ रं बाबा."

"निवांत जावा, वैनी. माझी बी म्हैसच की ती," म्हणाला.

नातवाला न्हाऊ-माखू घालून परत आले, तर हिंदुराव दारातच. "वैनी, नव्या पाट्या लई झ्याक आल्यात. मी अजून हात लावला न्हाय. तुमच्याच हातानं घाला, काजळी वाट बघून बसलीया."

मला भरूनच आलं बघा. हातपाय सुदिक न धुता आत गेले. पानं जरा बारीक वाटली, पर म्हटलं उन्हाचा ताव लागला असंल. पाटीतला थर उचलला, तोडाय म्हणून उलटा केला, अन् हात तितंच थांबला. मुळ्यांत मक्याचा दाणा एक न्हवता. बारकी, गोल, पांढरी ज्वारी!

कोवळी ज्वारी जनावराच्या पोटात गेली की ते धापा टाकत उभ्या उभ्या पडतं. हे सोलापुरात शेंबड्या पोराला बी ठावं हाय. तरी मी म्हटलं, चुकलं असंल. पोत्यात दुकानदारानंच काय तरी भरलं असंल, अन् ह्यानं न बघता भिजवलं असंल. माझं मन मानंना, काय करू!

तो थर तसाच उचलून भिताडाच्या पल्याड गेले. हिंदुराव त्याच्या म्हशीला धूत हुता. मी हसतच म्हटलं, "हिंदू, लई दाट आलंय रं. पयला घास तुझ्या म्हशीला."

त्याचं तोंड उतरलं. "नगं वैनी. तिचं पोट भरलंय."

म्हैस तर जीभ काढून माझ्या हाताकडं वडत हुती. मी अजून एक पाऊल फुडं झाले. तसा तो मधी आला अन् ज्या म्हशीला कधी काठी लावली न्हाय, तिच्या थोबाडावर फाडकन हात मारला. मग तिच्या तोंडाफुडं दोनी हात पसरून उभा राहिला.

"का रं?" मी इचारलं. त्यानं पाठीनंच म्हशीला मागं रेटलं.

"माझ्या हातानं माझी काजळी मारायला लावत हुतास व्हय रं?"

"वैनी, सोमलिंगानं भर हाटेलात सांगितलं, वैनीकडनं दूध घालायला शिक म्हणून..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं सगळं त्याच्या पायाशी आपटलं अन् पेठ गोळा होईल अशी वरडले, "मुडद्या, तुझी आई गेली तवा माझी लेक अंगावर पीत हुती! तिला रडत ठिवून मी तुला आधी पाजलं रं!"

हिंदुराव म्हशीच्या तोंडाफुडनं हलला न्हाय.