पाटीमागची जागा

समज, तुझ्या हातात एक पाटी आहे. पांढऱ्या दांडीवर ठोकलेली, डोक्याच्या बरीच वर जाणारी. तिच्यावर एका देशाचं नाव रंगवलेलं आहे. दांडी दोन्ही हातांत घट्ट धरून तू भल्यामोठ्या मैदानात चालत आहेस. पुढे एका देशाची रांग आहे, बरंच मागे दुसऱ्या देशाची. आणि तुझ्या पाटीमागे? कुणीच नाही. नुसतं कापलेलं गवत.

बारकी त्या दिवशी अशीच चालत होती.

“हनुवटी वर!” कडेने तिच्याबरोबर चालणारे तिचे आजोबा ओरडले. “पाटी आहे ती, छत्री नव्हे. ऊन लागतंय म्हणून तिरकी धरायची नाही!”

बारकीने पाटी सरळ केली. तिचे दंड भरून आले होते. शेजारी देशांचे क्रीडासामने बऱ्याच वर्षांनी पुन्हा या शहरात भरणार होते, आणि ही उद्घाटनाच्या संचलनाची तालीम होती. खेळाडू अजून यायचे होते. त्यांच्या जागी शाळेतली मुलं चालत होती. मैदानाच्या मधोमध आजोबांनी सकाळीच वाकून वाकून फक्कीने चौकटी आखल्या होत्या, प्रत्येक देशाला एक. एकेक रांग आपापल्या चौकटीत जाऊन उभी राहायची. बारकी तिच्या चौकटीच्या तोंडाशी येऊन थांबली. ती चौकट रिकामी राहण्यासाठीच आखलेली होती.

“ए, भुतांची कप्तान!” शेजारच्या पाटीवाला मुलगा म्हणाला. “तुझी फौज पाणी प्यायला गेली काय?”

“माझी भुतं निदान रांगेत चालतात,” बारकी म्हणाली. “तुझे पैलवान बघ. मेंढरं सुटल्यासारखे आलेत.”

मुलं हसली. आजोबाही हसले आणि त्यांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना विसावा दिला. आजोबा कवायतीचे शिक्षक. निवृत्त होऊन जमाना झाला होता, तरी पाटी धरणाऱ्या मुलांना शिकवायला त्यांनाच बोलावत. मुलं गवतावर बसली की ते गोष्ट सांगत, आणि गोष्ट नेहमी एकच असे.

“लढाई संपली तेव्हा या सगळ्या देशांकडे धड रस्ते नव्हते,” ते सांगू लागले. “पण कुणीतरी म्हणालं, आपण धावायची शर्यत लावू. पहिल्या सामन्यांना पोहायचा तलाव नव्हता, म्हणून पोहणारे धरणात पोहले. खेळाडू शाळांच्या वर्गांत झोपले, बाकं जोडून. पुढच्या वेळी पाळी आपली. आपण हे मैदान बांधलं. आणि ऐन सकाळी नदीपलीकडच्या देशाने कळवलं, आम्ही येत नाही. सीमेवरून भांडण झालं होतं. आता गंमत बघा. ही बातमी वरच्या साहेबांना कळली, पण मैदानावर कुणाला सांगायचंच राहून गेलं. मग काय झालं?”

“पाटी तशीच बाहेर पडली!” मुलं एका सुरात म्हणाली.

“पडली. एक मुलगी ती पाटी घेऊन निघाली आणि मागे कुणी नाही. पण ती थांबली नाही. चालत राहिली. आणि सगळं मैदान, हजारो माणसं, एकेक करून उठून उभी राहिली. त्या दिवसापासून ठरलं. एखादा शेजारी रुसला, तरी त्याची पाटी निघणार आणि तिच्यामागे त्याची जागा मोकळी राहणार. मग सगळ्याच देशांनी तसं केलं. एका वर्षी आपणच रुसलो होतो. तेव्हा तिकडच्या कुठल्याशा पोरीने आपल्या देशाची पाटी धरली होती. आपलं तोंडही न पाहिलेल्या पोरीने.”

बारकीने ही गोष्ट घरी जेवताना, झोपताना, केस विंचरून घेताना ऐकली होती. त्या मुलीसारखं चालायचं म्हणून तिने घरात केरसुणी उभी धरून सराव केला होता. यंदा न येणाऱ्या देशाची रिकामी पाटी आपल्याला मिळाली हे कळलं, त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नव्हती, इतका आनंद झाला होता.

तेवढ्यात आत्या मैदान ओलांडून आली. आत्या म्हणजे आजोबांची मुलगी, आणि सामन्यांची चिटणीस. प्रेक्षकांच्या बाकांना रंग देणारे कामगार तिला बघून हात भरभर चालवू लागले.

“बाबा, ही चौकट पुसायची आहे,” ती म्हणाली.

“का? वाकडी झाली?”

“यंदा रिकामी पाटी नाही. वरून ठरलंय.”

“वरून म्हणजे? वर तर तूच बसतेस.”

“माझ्याही वर माणसं आहेत.” आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. “सीमेवर काय झालं ते तुम्ही वाचता ना? ज्यांच्या घरची पोरं गेली ती माणसं इथे येऊन बसणार. त्यांच्यासमोरून ही त्या देशाचं नाव मिरवत जाणार? बाटल्या फेकतील.”

“आपली माणसं तशी नाहीत.”

“आपली माणसं कशी आहेत ते मला माहीत आहे, बाबा.”

“अगं, सगळं गोडीत असतं तर रिकामी पाटी लागलीच नसती,” आजोबांचा आवाज चढला. “भांडणाच्या वर्षासाठीच आहे ती! आणि हे तू सांगतेस? जिच्यापासून हे सुरू झालं ती तू?”

बारकीने आत्याकडे पाहिलं. आजोबांच्या गोष्टीत ती नेहमी ‘एक मुलगी’ असायची.

“आत्या, ती तू होतीस?”

आत्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. “होते. तुझ्याएवढी.”

“मग कधी सांगितलं का नाहीस?”

“तुझे आजोबा सांगतात की. इतकं छान सांगतात, मध्ये कशाला बोलायचं?” ती आजोबांकडे वळली. “मैदान उभं राहिलं म्हणता. आधी काय झालं ते का गाळता?”

“आधी काय?”

“हसले होते, बाबा.”

“थोडेफार हसले असतील.”

“सगळं मैदान हसत होतं. मला वाटलं, माझा फ्रॉक मागून फाटलाय. पाटीवाल्याने मागे वळायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. म्हणून मी वळले नाही. एका हाताने मागे चाचपून बघितलं. तेव्हा तर जास्तच हसले.”

आजोबा फक्कीच्या डब्याचं झाकण बोटाने दाबत राहिले. ते बसलेलंच होतं.

“शेवटी उभे राहिले ना?” ते म्हणाले. “डोळ्यांत पाणी होतं लोकांच्या. मी पाहिलं.”

“राहिले. पुढच्या बाकावर कुणी बाई उठल्या, त्यांना बघून बाकीचे उठले. पण तोवर मी अर्धं मैदान चालले होते. वळणावर तुम्ही दिसलात मला. मैदानाच्या दाराशी उभे होतात.”

“माझं काय चुकलं? मलाही कुणी कळवलं नव्हतं.”

“चुकलं असं मी म्हणाले का?” आत्या म्हणाली. मग तिने बारकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. “हे बघ, तू आपल्या संघात चाल. पुढच्याच रांगेत, फुलं घेऊन. टीव्हीवर दिसशील. मैत्रिणी जळतील तुझ्यावर.”

कागदी फुलांच्या टोपलीकडे न बघता बारकी आजोबांकडे वळली.

“आजोबा,” ती म्हणाली, “तुमच्याकडे तेव्हा शिट्टी नव्हती?”

“होती.”

“मग तिला परत का नाही बोलावलंत?”

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. मुलं ऐकत होती. “बोलावलं असतं तर ती रडली असती,” ते म्हणाले. “आणि मला वाटलं, चालतेय तर छानच. लोक गप्प होतील.”

“आणि झाले नसते तर?”

“झाले ना, बाळा. झाले.”

“नसते झाले तर?”

आत्या बाकांकडे बघत होती, जणू कामगारांचा रंग कुठे ओघळलाय का ते तपासत होती. बारकीने पाटी उचलली आणि दांडी आजोबांपुढे धरली.

“तुम्ही चाला.”

“मी?”

“दारापासून चौकटीपर्यंत. मागे कुणी नको.”

“वेडी आहेस का? माझं वय काय, ही पाटी काय!”

“आत्याचं वय काय होतं?”

आत्या म्हणाली, “बारके, पुरे.” पण आजोबांनी दांडी हातात घेतली होती. माणूस मानी होता, आणि त्या गोष्टीवर त्याचा विश्वास होता. डब्यावर रुमाल टाकून, शर्ट खाली ओढून ते दारापर्यंत गेले, वळले आणि चालू लागले. पाटी सरळ, हनुवटी वर.

पहिल्यांदा बाकांवरच्या एका कामगाराने शीळ घातली. मग दुसरा ओरडला, “बाबा, वरात मागे राहिली!” बसलेली मुलं आधी एकमेकांकडे बघत होती, आता तीही हसली. ज्यांनी गोष्ट तोंडपाठ म्हणून दाखवली होती, तीच. आजोबा चालत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. पुढे काय होणार ते माहीत असलेल्या माणसासारखे ते चालत होते.

हसू ओसरलं. कामगारांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवले. एका मुलाने शेजारच्याची टोपी पळवली आणि सगळे तिकडे बघू लागले. आजोबा अजून अर्ध्या वाटेत होते. त्यांनी एकदा बाकांकडे नजर टाकली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू. वाऱ्याने पाटी कलली. ती सावरताना त्यांचा पाय अडखळला.

आत्या एक पाऊल पुढे गेली आणि थांबली. मग तिने तोंड फिरवलं आणि टाळी वाजवून मुलांना हाक मारली, “चला, आपला संघ! रांग लावा. फुलं घ्या.”

मुलं उठली, धक्काबुक्की करत रांगेला लागली.

आता बारकीने काय केलं ते ऐक. ती बराच वेळ आजोबांकडे बघत उभी होती. ते चौकटीजवळ पोहोचले, तेव्हा तिने नजर काढून घेतली. टोपलीतून कागदी फुलांचा एक गुच्छ उचलला, त्याच्या पाकळ्या नीट केल्या, आणि ती पुढच्या रांगेतल्या उंच मुलीपाशी गेली.

“जरा सरक ना,” ती म्हणाली. “मला जागा दे.”