सोनाळ्याचे पन्नास सेकंद

खामगावच्या दूध कंपनीत धम्मरत्नला अकरा वर्षं झाली होती, आणि नेटवर्क म्हणजे धम्मरत्न असंच तिथे सगळे धरून चालत. जिल्हाभर कंपनीची एकेचाळीस संकलन केंद्रं. प्रत्येक केंद्रात भिंतीवर एक कुलूपबंद पेटी आणि पेटीत नेटवर्कचा स्विच. दुधाचा काटा आणि फॅट मोजायचं यंत्र त्या स्विचवरूनच खामगावशी जोडलेलं असायचं. स्विच रुसला की केंद्र बंद. मग मॅनेजर अर्जुनरावांपासून टँकरच्या ड्रायव्हरपर्यंत जो तो धम्मरत्नला शोधत यायचा. वरवर तो वैतागायचा, पण आपल्याशिवाय यांचं पान हलत नाही हे त्याला मनातून आवडायचं.

फेब्रुवारीत मयुरी कामाला लागली. मूळची लोणारची, वय सव्वीस. पुण्यात तीन वर्षं नोकरी करून, आई आजारी म्हणून परत आलेली. सगळ्या स्विचच्या सेटिंगची प्रत काढून ठेवायची, हे धम्मरत्नचं दर तीन महिन्यांचं काम. एकेका स्विचमध्ये लॉगिन करायचं, प्रत काढायची, बाहेर पडायचं, पुढच्यात शिरायचं. त्याचे तीन दिवस त्यात जात. मयुरीने लॅपटॉपवर एक ऑटोमेशनचं टूल बसवलं. ते स्विचशी एकदा जोडलं की कनेक्शन उघडंच ठेवायचं आणि एकामागून एक हुकूम देत राहायचं, दर वेळी नव्याने लॉगिन नाही. एकोणीस मिनिटांत एकेचाळीस प्रती फोल्डरमध्ये येऊन पडल्या. अर्जुनराव तिच्या खुर्चीमागे उभे राहून पाहत होते.

"पाह्य बे धम्मरत्न," ते हसत म्हणाले, "तुये तीन दिवस इथं एका चहात उरकले."

धम्मरत्नही हसला. पण ते वाक्य त्याच्या छातीत रुतून बसलं. त्या दिवसापासून त्याला नको ते दिसायला लागलं. मीटिंगमध्ये अर्जुनराव बोलताना कोणाकडे बघतात, तिला नवा लॅपटॉप किती दिवसांत मिळाला, आपल्याला किती महिने थांबावं लागलं होतं. मयुरी त्याला आदराने भाऊ म्हणायची, डबा उघडला की आधी त्याच्यापुढे करायची. त्याचाही त्याला राग यायचा. ती उद्धट असती तर बरं झालं असतं, निदान तिला उघड नावं ठेवता आली असती.

मे महिन्यात कंपनीने ठरवलं, की सगळ्या केंद्रांचे काटे जुन्या जोडणीवरून काढून नव्या जोडणीवर घ्यायचे, म्हणजे प्रत्येक स्विचची सेटिंग बदलायची. काम अर्थातच मयुरीकडे गेलं. चार दिवस आधी ती धम्मरत्नच्या टेबलाशी आली.

"भाऊ, एक विचारायचं होतं. हुकूम दिल्यावर टूल तीस सेकंद उत्तराची वाट बघतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर कनेक्शन तोडून टाकतं. आपल्याकडे एखादा स्विच फारच हळू आहे का? प्रत काढताना तरी सगळे ठीक चालले."

धम्मरत्नच्या डोळ्यांपुढे लगेच सोनाळ्याची पेटी आली. सगळ्यांत जुना स्विच तिथला. नुसती माहिती मागितली तर पटकन द्यायचा, पण सेटिंग बदलायला सांगितलं की पन्नास सेकंद गप्प बसायचा. भर उन्हात त्याच्यासमोर उभं राहून त्याने ते घड्याळावर मोजले होते.

"नाही," तो म्हणाला. "सगळे सारखेच हायेत."

चार दिवस त्याच्या हातात होते. रोज सकाळी गाडी लावताना तो ठरवायचा, की आज सांगून टाकू. मग तिच्याभोवती जमलेली माणसं दिसायची आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसायचा. एकदा, फक्त एकदाच हिचं काम फसावं, एवढीच त्याची इच्छा होती.

मंगळवारी दुपारी एक वाजता, सकाळचं आणि संध्याकाळचं संकलन यांच्या मधल्या वेळात, मयुरीने काम सुरू केलं. चाळीस केंद्रं हिरवी झाली, सोनाळा लाल. जुनी जोडणी काढायच्या हुकुमावर स्विच गप्प बसला आणि तीस सेकंद भरताच टूलने कनेक्शन तोडलं. जुनी निघाली, नवी टाकायची राहून गेली. तिने पुन्हा लॉगिन करून पाहिलं, तर स्विच आतच घेईना. एका वेळी एकालाच आत घेणारा स्विच तो, आणि तुटलेलं कनेक्शन त्याच्या हिशेबी अजून चालूच होतं.

धम्मरत्नला आनंद झाला. अगदी खरा, पोटातून आलेला आनंद.

"थोड्या वेळात आपोआप सुटेल," मयुरी म्हणाली आणि वाट बघत बसली. सुटणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी साडेतीनपर्यंत तो काही बोलला नाही. स्विच बंद-चालू करायला हवा होता, पण पेटीत बॅटरी होती, त्यामुळे बाहेरून वीज बंद करून उपयोग नव्हता. कुलपाची किल्ली खामगावात. शेवटी तोच म्हणाला, "जावं लागंल."

जीपमध्ये मागे त्याच्याशेजारी बसलेली मयुरी रस्ताभर स्वतःलाच दोष देत होती. "माझीच चूक आहे भाऊ. आधी प्रत्येक स्विच मोजून बघायला पाहिजे होता. तुमचाही दिवस गेला माझ्यापायी."

सोनाळ्याला पोचेपर्यंत सहा वाजत आले. केंद्राच्या सावलीत तीस-चाळीस माणसं चार वाजल्यापासून कॅन घेऊन बसली होती. कॅनवर ओली पोती टाकलेली. केंद्रप्रमुख हिंमतराव घामाघूम होऊन एकेकाला समजावत होते. "काटाच चालू नाही तर मी तरी कसं घेऊ?" धम्मरत्नने पेटी उघडली, बॅटरी काढून स्विच बंद-चालू केला, केबल लावली आणि नवी जोडणी टाकून स्विचच्या उत्तराची वाट बघत उभा राहिला. काटा सुरू झाला. रांग हलली.

रांगेत अन्नपूर्णाबाई होत्या. एकच म्हैस असलेल्या. त्यांचं दूध यंत्राने नाकारलं. हिंमतरावांनी झाकण उघडून वास घेतला आणि मान हलवली. उन्हाने फाटलं होतं.

"माफ करा मावशी," मयुरी पुढे होऊन म्हणाली.

"राहू दे बाई. मशीन बिघडते. त्यात कोनाची चूक?" असं म्हणून त्यांनी कॅन उचलला आणि त्या चालू लागल्या.

धम्मरत्न त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मग जीपजवळ उभ्या मयुरीला म्हणाला, "मले माहीत होतं."

"काय?"

"हा स्विच पन्नास सेकंद घेते. तू विचारलं तवाच माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुयं काम एकदा तरी फसावं, असं वाटे."

"आणि आत्ता दोन तास मी तुमची माफी मागत होते, तेव्हा?"

परतताना ती पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी ती अर्जुनरावांना सांगेल, म्हणून तो दुपारपर्यंत वाट बघत होता. तिने सांगितलं नाही. त्यांनी चूक कोणाची म्हणून विचारलं, तेव्हा ती "तपासतेय" एवढंच म्हणाली. ते ऐकून तो उठला आणि केबिनमध्ये जाऊन त्याने सगळं स्वतःच सांगितलं. अर्जुनराव चिडले नाहीत, ते त्याला जास्त लागलं. "तुयाकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले. त्याला लेखी ताकीद मिळाली आणि नेटवर्कची जबाबदारी मयुरीकडे गेली.

आठवडाभराने ती लॅपटॉप घेऊन त्याच्यासमोर बसली. भाऊ म्हणाली नाही, डब्याचंही काही विचारलं नाही. "प्रत्येक केंद्राला वेगळा वेळ द्यायचाय. कोणता स्विच किती घेतो ते सांगा."

"सोनाळ्याले नव्वद ठेव, पन्नासात भागते पण कधी जास्तबी लागते," तो म्हणाला. मग एकेक सांगत गेला. कुठल्या केंद्रात मोबाइल टॉवरची रेंज हलली की उत्तर अडतं, कुठल्या स्विचला लागोपाठ हुकूम झेपत नाहीत. ती खाली मान घालून टाइप करत होती. तिसाव्या केंद्रापाशी त्याच्या लक्षात आलं, की आणखी अकरा सांगितली की फक्त आपल्यालाच ठाऊक असलेलं असं काहीच उरणार नाही. तिची बोटं किती भराभर चालतात, हेही त्याला त्याच वेळी दिसलं, आणि ओळखीची ती कळ पुन्हा छातीत उठली.

"थांबलात का?" तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "मोताळ्याचं लिही. चाळीस सेकंद."