आप्रिकाच्या घाटातली साखळी

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. दाराला लावतात ती नव्हे आणि कुत्र्याच्या गळ्यात घालतात तीही नव्हे. रस्त्यावर बर्फ साचला की गाडीचं चाक जागच्या जागी गरगरत राहतं आणि गाडी पुढे सरकत नाही. अशा वेळी चाकाभोवती जाळीसारखी गुंडाळतात ती मी. माझ्या कड्या बर्फात रुततात, तेव्हा कुठे चाकाला रस्ता सापडतो. आम्ही एकट्या जन्मत नाही. गाडी ढकलणारी चाकं दोन असतात, म्हणून साखळ्याही दोन लागतात. मलाही एक जुळी बहीण होती.

लेक्को गावात, तळ्याकाठच्या एका कारखान्यात आमचा जन्म झाला. आम्हाला तपासणारी बाई हातमोजे घालत नसे. एकेक कडी ती जपमाळेच्या मण्यासारखी बोटांतून सरकवायची. मग आम्हा दोघींना एका कापडी पिशवीत घालून डोंगरातल्या एदोलो गावच्या दुकानात पाठवलं. तिथे आम्हाला फेदेलेने विकत घेतलं.

फेदेले एदोलोचा न्हावी. साधा, कमी बोलणारा माणूस. त्याने आयुष्यात एकच चैन केली होती. एका दंतवैद्याची जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतली होती. दोनच माणसं बसायची, इंजिन मागे, डिकी पुढे, आणि उंची इतकी कमी की गावातले लोक विचारायचे, "फेदेले, हिच्यात बसायचं की निजायचं रे?" त्याची बायको इल्दे म्हणायची, "भाजीची पिशवी आणायची असेल तर मला घरी ठेवावं लागतं."

दुकानदार आधी हसलाच. "ती गाडी बर्फात नेणार? बरं, चाक आणि पत्रा यांच्यात जागा किती?"

"एक बोट," फेदेले म्हणाला. "माझं नव्हे, बायकोचं."

"मग जाड साखळी विसर. पत्रा फाडेल, ब्रेकची नळी तोडेल. ही बारीक कड्यांची घे. आणि पन्नासच्या वर पळवू नकोस."

अशा रीतीने आम्ही फेदेलेच्या घरी आलो. त्याने आम्हाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. इल्देने विचारलं, "हे काय?"

"घाटासाठी," तो म्हणाला.

इल्दे ताटं घेऊन टेबलापाशी आली. मग म्हणाली, "टेबलावर जेवतात, फेदेले. उचल ते."

त्या तुटक बोलण्यामागे एक दुखणं होतं. आप्रिकाच्या घाटापलीकडे, तेल्यो गावात, इल्देची थोरली बहीण आगोस्तीना राहायची. त्यांची आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा सगळं आगोस्तीनाने केलं होतं. इल्दे यायची ती महिन्यातून एखाद्या रविवारी, हातात केक घेऊन. आई गेली त्या दिवशी कबरीपाशी सगळ्यांदेखत आगोस्तीना म्हणाली, "तू काय रडतेस? तू तर पाहुणी होतीस." त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. फेदेले कधी जाऊन येऊ म्हणाला की इल्देकडे कारण तयार असायचं. उन्हाळ्यात दुकानात गर्दी असते आणि हिवाळ्यात घाटात बर्फ असतो. दुकानाची गर्दी कमी करणं फेदेलेला जमणारं नव्हतं. बर्फावरचा उपाय मात्र तो घेऊन आला होता.

मित्रांनो, तो उपाय सहा हिवाळे डिकीत पडून राहिला. घाटात बर्फ पडायचा, तेव्हा गाडी घरात असायची. गाडी बाहेर निघायची, तेव्हा ऊन असायचं. अंधारात, तेलाच्या वासात, बहिणीच्या कड्यांशी कड्या लावून मी वाट पाहायचे. ज्या कामासाठी जन्मलो ते कामच कुणी सांगू नये, यासारखं एकटेपण नाही.

सातव्या वर्षी जानेवारीत दुपारी फोन आला. आगोस्तीनाची मुलगी ओर्नेल्ला बोलत होती. आईच्या छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. "मावशी, ती तुला बोलव म्हणत नाही," ओर्नेल्ला म्हणाली. "पण दिवसभर खिडकीबाहेर बघते आणि विचारते, आप्रिकाला किती बर्फ पडला."

इल्दे दुकानात आली तेव्हा खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाची अर्धी दाढी राहिली होती. फेदेलेने ती पुरी केली, टॉवेल झटकला आणि दुकानाला कुलूप लावलं.

घाट चढू लागताच बर्फ भुरभुरू लागला. पुढे नारिंगी जाकिटातल्या रस्ता कामगाराने हात आडवा केला. "साखळ्या आहेत? नाहीत तर मागे फिरा. आणि ही गाडी? ही जत्रेत न्यायची गाडी आहे, घाटात न्यायची नव्हे."

"आहेत," फेदेले म्हणाला आणि त्याने डिकी उघडली.

सहा वर्षांत पहिल्यांदा मी बर्फ पाहिला. फेदेलेने आम्हाला मागच्या चाकांपाशी पसरलं. पहिल्यांदा त्याने मला उलटं घातलं. आकडे रबरात घुसतील असं. कामगाराने कपाळावर हात मारला आणि मला सुलटं करून दिलं. आधी आतला आकडा, मग बाहेरचा, मग ताण. इल्दे गाडीतच बसून होती, मांडीवर बिस्किटांचा डबा घट्ट धरून.

आम्ही बर्फात दात रोवले. काय सांगू तो आनंद! पण थोडं अंतर गेल्यावर थांबून साखळ्या पुन्हा ताणायच्या असतात, हे फेदेले घाबरल्यामुळे विसरला. आप्रिकाच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत माझी बहीण सैल झाली होती आणि पत्र्यावर ठकठक आपटत होती. त्याने गाडी थांबवली. समोर उतार होता आणि उतारावर ताजा, कुणी न तुडवलेला बर्फ होता.

"परतायचं का, इल्दे?" फेदेलेने हळूच विचारलं. "घाट बंद होता म्हणून सांगू. कुणी काही म्हणणार नाही."

वायपर तीनचारदा फिरला. मग ती दार उघडून बाहेर आली आणि चर्चला जायचे बूट घातलेली ती बाई बर्फात गुडघे टेकून बसली.

"कुठे ओढायचं?"

"राहू दे, मी करतो. तो बाहेरचा आकडा जरा..."

"बोलू नकोस. दाखव."

तिने बहिणीला ओढून घट्ट केलं, मग मला. माझ्या एका कडीने तिचं बोट कापलं. तिने ते तोंडात धरलं आणि म्हणाली, "आता हळू चालव. तुझी हौस फेडायला आलो नाही आपण."

उतारावर गाडीचं पोट बर्फाला टेकून एकदा गाडी रुतली. तेव्हा इल्देने बिस्किटं सीटवर ओतली आणि डब्याने बर्फ उपसला. खाली दरीत रस्ता उघडा, काळा होता. तिथे खरं तर आम्हाला काढायला हवं होतं. कोरड्या डांबरावर आमच्या कड्या झिजतात. पण घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही ठिणग्या उडवत, खळखळ वाजत तेल्योच्या चिंचोळ्या गल्लीत शिरलो.

आगोस्तीनाची खाट शेगडीपाशी, अंगणाच्या खिडकीला लागून होती. खिडकीची फट उघडी होती, म्हणून तिचा घोगरा आवाज मला ऐकू आला. "हा कसला आवाज? कुणाची गाय सुटली?"

"आई, मावशी आलीय."

आत खाट करकरली. मग आगोस्तीना म्हणाली, "तिला सांग, बूट बाहेर काढ. फरशी आत्ताच पुसली आहे."

इल्दे उंबरठ्यावर एका पायावर उभी राहून बूट ओढत होती, हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फेदेले माझ्यापाशी वाकून बसला. साखळी काढायचं निमित्त होतं. पण किती वेळ त्याने आकड्याला हातच लावला नाही.

आगोस्तीना ईस्टरपर्यंत जगली. इल्दे तिथेच राहिली. तिला पुसायची, भरवायची, रात्री उशी उंच करून द्यायची. भांडायच्याही दोघी, मक्याच्या पिठाच्या पोलेंटात मीठ किती घालायचं यावरून. फेदेले दर सोमवारी दुकान बंद असलं की घाट ओलांडून यायचा. मित्रांनो, ते सोमवार म्हणजे आमचं खरं आयुष्य. घरी परतल्यावर तो आम्हाला कोमट पाण्याने धुवायचा, कारण रस्त्यावर टाकलेलं मीठ लोखंड खातं. मग शेगडीजवळ वाळवायचा, तेलाचं फडकं फिरवायचा. गावातले लोक म्हणायचे, "फेदेलेच्या लाल बेडकाने घाट जिंकला." तो गालातल्या गालात हसायचा.

पुढची अनेक वर्षं दर हिवाळ्यात ते दोघं ओर्नेल्लाकडे जात राहिले. मग एका नोव्हेंबरात इल्दे वारली.

त्या हिवाळ्यात फेदेले एकटाच घाट चढला आणि एकटाच परतला. त्याने आम्हाला चाकांवरून काढलं आणि ओल्याच पिशवीत कोंबलं. पुढच्या वेळीही तसंच केलं. मला त्याचा राग आला नाही. जो स्वतःचं ताट धुवायचं विसरतो, तो साखळ्या कशा धुणार? पण गंज कुणाचं दुःख पाहून थांबत नाही. तो आधी बहिणीला लागला. डांबरावर झिजलेल्या तिच्या कड्या पातळ झाल्याच होत्या.

फेदेले शहात्तर वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. घाट उतरताना बहिणीची एक कडी तुटली. सुटलेलं टोक प्रत्येक फेऱ्याला पत्र्यावर हातोड्यासारखं आदळत होतं. मी पलीकडच्या चाकावर होते. मला सगळं ऐकू येत होतं. फेदेलेला मात्र आता कमी ऐकू यायचं. पत्रा फाटला, बहीण चाकावरून गळून पडली आणि गाडी घसरत जाऊन रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंतीत नाक खुपसून थांबली. त्याला खरचटलंही नाही. बर्फ काढणारा ट्रक मागून आला. त्याच्या ड्रायव्हरने बहिणीला उचलून पाहिलं. "आजोबा, ही साखळी आहे की नुसता गंज?" त्याने तिला ट्रकमध्ये भंगारात फेकलं. फेदेलेने हात पुढे केला, मग खाली घेतला. ट्रक वळणाआड गेला. माझा बहिणीशी निरोपही झाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात ओर्नेल्लाने चाकांना घालायचे पांढरे कापडी मोजे आणले. "काका, हे ओढून चढवायचे, झालं. आकडे नाहीत, आवाज नाही, पत्र्याला धक्का नाही. अशा बुटक्या गाडीला हेच बरे."

"गाडीला मोजे?" फेदेले म्हणाला. "पुढच्या वर्षी स्वेटर विणून आण."

पण मोज्यांनी काम चोख केलं, हे मी मोकळ्या मनाने सांगते. ताज्या बर्फात ते छान धरतात. कोरडा रस्ता लागला की मात्र लगेच काढावे लागतात, नाहीतर चिंध्या होतात. ओर्नेल्ला न विसरता काढायची, वाळवून घडी घालायची. नंतर फेदेलेची नजर अधू झाली. त्याने गाडीच्या किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या. लाल गाडी मोज्यांसकट तेल्योला गेली आणि मी रिकाम्या गॅरेजमध्ये खिळ्यावर राहिले. जोडीतली एक साखळी कुणी विकत घेत नाही, कुणी मागूनही नेत नाही. चार वर्षांत माझ्याशी बोलायला फक्त वारा आला.

या डिसेंबरात फेदेले भिंतीला धरत धरत गॅरेजमध्ये आला. त्याने मला खाली काढलं, खांद्यावर टाकलं आणि घराच्या दगडी पायऱ्यांवर आडवं पसरलं. दोन्ही टोकांना दगडांच्या फटींत खिळे ठोकले. त्या पायऱ्यांवर पहाटेपासून बर्फाची काच धरते. समोरच्या घरातली जेम्मा खिडकीतून ओरडली, "फेदेले, त्या भंगाराचं काय करतोस?"

"कुणी आलं तर पाय घसरायला नको."

"तुझ्याकडे येतंय कोण?"

फेदेलेने हातोडी खिशात घातली. "म्हणून काय पायरी निसरडी ठेवायची?"

तेव्हापासून मी इथे आहे. रविवारी ओर्नेल्ला येते, गरम भांडं दोन्ही हातांत धरून, आणि माझ्यावर पाय रोवून वर जाते. बाकीचे सहा दिवस फक्त फेदेलेची पावलं असतात. सकाळी एकदा ब्रेडसाठी खाली, एकदा वर. उरलेला वेळ मी कानोसा घेत पडून असते.

मित्रांनो, हिवाळा संपला की तुमच्या साखळ्या कोमट पाण्याने धुवा, कोरड्या करा, तेल लावून टांगा. काम नसलं तरी वर्षातून एकदा कड्यांवरून हात फिरवा. कुठली कडी पातळ झाली ते बोटांना कळतं. माणसांचंही तसंच असावं, असं मला वाटतं, पण मी लोखंड आहे, मला त्यातलं फार समजत नाही. इतकंच सांगते, तुमच्या गावातही असं एखादं दार असेल, जिथे सोमवार ते शनिवार कुणी जात नाही. तिथे जा. आणि कधी एदोलोला आलात तर न्हाव्याचं घर विचारा. आज गुरुवार आहे, बर्फ पडतो आहे, पायऱ्या निसरड्या झाल्या आहेत. पण मी इथे आहे. न घाबरता पाय ठेवा आणि वर या.