तीन बोटं पाणी

बिरसीच्या विमानतळावर संघदीपचं काम एकच. हवामान मोजणाऱ्या विमानाच्या पोटातली काच पुसायची. त्या काचेतून दोन रंगांचा लेसर खाली सुटायचा. हवेतली वाफ एक रंग गिळते, दुसरा सोडून देते. किती गिळला यावरून वाफ किती ते कळतं. काचेवर बोटाचा ठसा राहिला तर उड्डाण वाया.

एक दिवस पुण्याहून आलेल्या शास्त्रज्ञ रीना मॅडमनी त्याला बोलावून संगणकाचा पडदा दाखवला. म्हणाल्या, आत्ता आपल्या डोक्यावरची सगळी वाफ पिळली तर जमिनीवर तीन बोटं पाणी उभं राहील. ते पडेल, असं त्या म्हणाल्या नाहीत. संघदीपनं विचारलंही नाही. शिकलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारायला आपल्याला शिकवलंय कोणी?

त्यानं घरी येऊन आईला सांगितलं. रुक्माबाईकडं ठोक्यानं, वर्षाच्या भाड्यानं कसायला घेतलेल्या धानशेतीच्या दोन बांध्या होत्या. पाऊस गायब, लावणीसाठी वाढवलेले धानाचे पऱ्हे, ती कोवळी रोपं, पिवळे पडायला लागलेले. शेताजवळच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, जे पाणी उरलं होतं ते एकाच कामापुरतं. एक तर पऱ्हे शिंपून जगवायचे आणि पावसाची वाट बघायची, नाहीतर सगळं पाणी बांधीत घालून चिखल करायचा, रोपं लावून रोवणा उरकायचा आणि पुढचं आभाळावर सोडायचं. गाव वाट बघत होतं.

"मशीन खोटं त नाही ना बोलत?" तिनं विचारलं.

"नाही माय. पाणी वर लटकून राहिलं."

तिनं पंप लावला. बोडी तळाला गेली. रोवणा चालू असताना शेजारचा मुन्नालाल दोन वावरांमधल्या धुऱ्यावर येऊन म्हणाला, "रुक्माबाई, पोराले सांगजा, आमच्या वावरावरबी फिरव म्हणा इमान." बाया हसल्या. रुक्माबाईही हसली, पण तिच्या मानेला त्या दिवशी वेगळाच ताठा होता.

मग ऊन पडलं आणि पडतच राहिलं. चिखल टणक झाला, मग फाटला. भेगांत रोपांची मुळं उघडी दिसायला लागली. विमान उडत होतं. पडद्यावर वाफ होती तेवढीच होती.

संघदीपनं शेवटी विचारलं. मॅडम म्हणाल्या, नुसती वाफ असून भागत नाही. हवा वर चढून थंड व्हावी लागते, आणि सध्या ती चढत नाहीये. मग उत्साहानं म्हणाल्या, एवढी वाफ आणि पावसाचा एवढा खंड एकत्र क्वचितच सापडतो, मोजमाप फार चांगलं मिळतंय. बाई वाईट नव्हती. तेच तर वाईट. शिवी द्यायलासुद्धा माणूस सापडत नाही.

त्यानं आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भाकर वाढली. मुन्नालालचे पऱ्हे अजून हिरवे होते. ती मागायला गेली. तो खाली बघून म्हणाला, माझ्यापुरतेच हायेत. यावेळी त्यानं टोमणा मारला नाही.

सकाळी रुक्माबाईनं बांधीत बकऱ्या सोडल्या. संघदीप धावत आला.

"माय, काय करून राहिली? उद्या पाणी आलं तं?"

"आज हिरवं हाय म्हणून खाऊन राहिल्या. उद्या त्याबी तोंड लावणार नाही."

तो बकऱ्यांना हाकलायला बांधीत उतरला. त्याच्यासमोर एका बकरीनं रोप उपटलं. मुळाला चिखल नव्हता, धूळ होती. तो थांबला. मग मागं फिरला आणि धुऱ्यावर उभ्या राहिलेल्या दोन बकऱ्याही त्यानं आत हाकलल्या.