शमीच्या सावलीचा मत्सर

सकाळ झाली तेव्हा वाळू आधी गुलाबी झाली, मग केशरी झाली, मग पिवळी झाली, आणि ऊन नीट वर आल्यावर तिने सगळे रंग टाकून दिले. उरला तो पांढराशुभ्र प्रकाश, आणि त्या प्रकाशात क्षितिजापर्यंत पसरलेले थरचे वाळवंट. निष्पर्ण, निर्जल, निःशब्द. त्या निःशब्दातून डांबराची एक काळी रेघ पश्चिमेकडे गेली होती, आणि त्या रेघेवरून एक डाळिंबी मोटरसायकल चालली होती.

मोटरसायकल कालिंदीची. चालवत होती तीही कालिंदीच. मागे तिचा नवरा बसला होता, हेरंब. सांगलीत चष्म्याचे दुकान असलेला, दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर अचूक काढणारा, आणि दुचाकीच्या बाबतीत अगदीच ढ. लग्नाला चार वर्षे झाली होती. ती गाडी शिकवायला निघाली की हा हमखास कुणाच्या तरी कुंपणात जाऊन पडे, आणि दोघे हसत हसत घरी येत. आज मागच्या सीटवर हसू नव्हते. आज तिथे हेरंबच्या मांडीला मांडी लावून मत्सर बसला होता.

त्या मत्सराला नाव होते, समरजित. उंचापुरा, रुंद खांद्यांचा, वाऱ्याच्या वेगाने गाडी हाणणारा समरजित. कालिंदीचे आधी त्याच्याशी लग्न ठरले होते. तेव्हा ती दोघे याच रस्त्याने, याच डाळिंबी मोटरसायकलवरून या वाळवंटात आली होती, आणि परत गेल्यावर ते लग्न मोडले होते. का मोडले ते तिने कधी सांगितले नाही, आणि हेरंबने कधी विचारले नाही. विचारत नाही हा आपला मोठेपणा, असे तो समजत होता. कसला मोठेपणा! भीती होती नुसती.

आणि या हिवाळ्याच्या अखेरीस एका संध्याकाळी तीच म्हणाली होती, “मला तो वाळवंटातला रस्ता एकदा पुन्हा करायचाय. येशील माझ्याबरोबर?” हेरंबने मान डोलावली. मान डोलावताना त्याच्या आत काहीतरी करपले, ते अजून करपतच होते.

या वाळूने त्या दोघांना पाहिले असेल. या वाऱ्याने त्या दोघांचे बोलणे ऐकले असेल. या मैलाच्या दगडाला टेकून ती दोघे पाणी प्यायली असतील, एकाच बाटलीतून. हेरंबला वाळूचा हेवा वाटला, वाऱ्याचा हेवा वाटला, आणि एका पांढऱ्या रंगवलेल्या दगडाचा हेवा वाटला. शहाणासुरता माणूस, पण दगडाकडे तो खाऊ का गिळू असा बघत गेला.

त्यात पुन्हा तो आरसा. हँडलच्या उजव्या बाजूचा गोल, चंदेरी आरसा. कालिंदी राहून राहून त्यात बघत होती. मागे रस्त्यावर चिटपाखरू नव्हते; ना ट्रक, ना उंट. मग काय बघते ही? मागे पडलेला रस्ता, मागे पडलेले दिवस, मागे पडलेला माणूस. प्रश्नही हेरंबचा, उत्तरही हेरंबचेच. तिच्या मनात त्या माणसाची जागा अजून आहे का, एवढेच त्याला हवे होते, आणि तेवढेच विचारायला त्याची जीभ रेटत नव्हती.

लांबलचक निर्मनुष्य पट्टा सुरू होण्याआधी एक वस्ती लागली. चार गोल झोपड्या, एक टपरी, आणि टपरीच्या फळीवर पेट्रोल भरलेल्या जुन्या काचेच्या बाटल्या. उन्हात त्या मधाच्या रंगाने चमकत होत्या. कालिंदीने गाडी थांबवली, टाकीचे झाकण उघडले. टपरीवाला म्हातारा डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे बघत राहिला आणि मग तोंडभर हसला. मोटरसायकल हाकत आलेली बाई तो कशी विसरेल?

“अरे, बाईसा! इत्ते बरस बाद! और वो भाईसा कहाँ रह गए? वो लंबे वाले?”

कालिंदीचा हात झाकणावर थबकला. तिने मान खाली घातली. बस, ती खाली गेलेली मान हेरंबला पुरली. पेट्रोलमधले त्याला ओ की ठो कळत नव्हते, तरी तो तुटक आवाजात म्हणाला, “पुरेल आहे तेवढं. चल, ऊन चढतंय.” तिने झाकण लावले, किक मारली. मधाच्या रंगाच्या बाटल्या मागे राहिल्या.

मत्सराला पेट्रोल लागत नाही. तो चढावर धावतो, उतारावर धावतो, रिकाम्या टाकीने आयुष्यभर धावतो. मोटरसायकलचे तसे नसते. भर दुपारी, आभाळ पितळेसारखे तापलेले असताना, डाळिंबी मोटरसायकलने एक आचका दिला. कालिंदीने खाली हात घालून टाकीचा कॉक फिरवला. “रिझर्व्हला लागली,” ती म्हणाली.

मग ती हळू चालवू लागली. अगदी हळू, कडेवर झोपलेले मूल असावे तशी. दूर क्षितिजावर पाण्याचे तळे लकाकत होते आणि जवळ जावे तसे पळत होते. मृगजळाला लाज नसते. वाळूने जागोजागी रस्ता गिळला होता, आणि तिथे चाक रुतू लागले की इंजिन कण्हत होते. दुसरा आचका बसला तेव्हा ती म्हणाली, “पुढं एक झाड आहे. तिथवर नेते.”

झाडसुद्धा ठाऊक आहे हिला! एवढ्या उजाड मुलखातले एकुलते एक झाड!

झाड शमीचे होते. तिकडे तिला खेजडी म्हणतात. आपल्याकडे दसऱ्याला जिचा मान, तीच ही शमी. काटेरी, काटकुळी, धुळीने माखलेली, तरी हिरवी. शमीच्या पोटात अग्नी लपलेला असतो असे जुनी माणसे सांगत. गाडी तिच्या विरळ सावलीत येऊन थांबली, इंजिन निमाले, आणि वाळवंटाची शांतता चहूबाजूंनी चालून आली. हेरंब खाली उतरला. इथेच बसली असतील दोघे, याच बुंध्याला पाठ टेकून, याच सावलीच्या जाळीत. अग्नी शमीच्या पोटात होता की नाही कोण जाणे. हेरंबच्या पोटात होता.

कालिंदीने गाडी एका बाजूला आडवी केली, सांगलीत बंद पडलेली स्कूटर माणसे रस्त्याच्या कडेला करतात तशी. टाकीच्या पलीकडच्या कुशीत अडकून राहिलेले पेट्रोल अलीकडच्या कुशीत आले. येताना डुचमळल्याचा आवाज झाला, अगदी थोडा. तिने कान देऊन ऐकला.

“घोटभर आहे,” ती म्हणाली. “वस्ती फार मागं राहिली. पुढचा पंप त्यापेक्षा जवळ. एकटी गेले तर पोचेन बहुतेक. दोघं बसलो तर सांगता येत नाही, या वाळूत तर नाहीच.”

पाण्याची बाटली अर्धी उरली होती. सकाळपासून त्या रस्त्याने एकही वाहन गेले नव्हते. या पोकळीत, या पांढऱ्या जळत्या पोकळीत एकट्याने राहायचे हेरंबच्या जिवावर आले. पण गाडी येते ती तिला. थांबायचे तर त्यानेच.

“तू जा,” तो म्हणाला. “मी थांबतो.” इथवर ठीक होते. इथे गप्प बसला असता तर त्याचा मान राहिला असता. पण मत्सराने त्याला पुढे ढकलले. “जागा चांगली आहे. तुम्हा दोघांच्या ओळखीचीच की.”

बोलला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शमीचे एक वाळके पान गिरक्या घेत खाली आले. कालिंदीने हेल्मेट काढले. घामाने चिकटलेले केस मागे सारून तिने त्याच्याकडे सरळ पाहिले.

“दोघांच्या नाही,” ती म्हणाली. “माझ्या एकटीच्या.”

आणि मग बुंध्याकडे न बघता, वाळूकडे न बघता, त्याच्याकडेच बघत तिने सांगितले. तेव्हाही पेट्रोल इथेच संपत आले होते. तेव्हाही एकच जण जाऊ शकत होता. समरजित म्हणाला, ‘तू बस, तासाभरात आलोच’, आणि तिची गाडी घेऊन गेला. तास गेला, दुपार गेली. सावली सरकत होती तशी ती सावलीबरोबर बुंध्याभोवती सरकत होती. पाणी संपले. तो आला तेव्हा सूर्य मावळत होता. पेट्रोल घेऊन आला होता, जेवून आला होता, पंख्याखाली झोप काढून आला होता.

“ऊन फार होतं, म्हणाला. म्हणून ऊन उतरल्यावर निघालो, म्हणाला. हसत म्हणाला, हेरंब.”

वारा क्षणभर पडला. ज्या दुपारचा हेरंब हेवा करत आला होता, ती दुपार ही होती. ज्या सावलीसाठी तो जळत होता, त्या सावलीत ही एकटी बसली होती, तहानेली, रस्त्याकडे डोळे लावून.

“पुढंही गाडी त्यानंच चालवली,” ती म्हणाली. “मी मागं बसून रडत होते, पंपापर्यंत. त्याच्यासमोर आरसा होता. त्यानं एकदाही बघितलं नाही.”

आरसा! आरशात आपल्याला ज्याचे डोळे दिसतात, त्याला आपले डोळे दिसत असतात. ही गोष्ट चष्म्याच्या दुकानदाराला कुणी शिकवावी? सकाळपासून हेरंबने त्या आरशात तिचे डोळे पाहिले होते. राहून राहून पाहिले होते. ती मागचा रस्ता बघत नव्हती, मागे बसलेल्याला बघत होती. त्याचा आंबलेला चेहरा, त्याचे दगडाकडे टाकलेले कटाक्ष, सगळे तिने पाहिले होते आणि निमूट गाडी चालवली होती.

“पेट्रोल माझ्यामुळे संपलं,” तो म्हणाला. “त्या म्हाताऱ्यानं त्याचं नाव काढलं आणि मला सहन झालं नाही. पुरेल की नाही ते मला काय ठाऊक? मला तिथनं निघायचं होतं.”

“माहीत आहे. मलाही निघायचं होतं. म्हणून मीही भरलं नाही.” ती किंचित हसली. “मला हा रस्ता त्याच्या पाठीमागं बसून संपलेला नको होता. माझ्या हातानं संपवायचा होता. आणि मागं तू हवा होतास.”

हेरंबने पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. “मग जा,” तो म्हणाला, आणि या वेळी त्या शब्दांत विष नव्हते. “मी थांबतो. किती वेळ लागू दे.”

कालिंदीने एक घोट घेतला, बाटली त्याला परत दिली, हेल्मेट चढवले आणि गाडी उभी केली.

“बस मागं,” ती म्हणाली. “पोचू तिथवर पोचू. या झाडाखाली मी कुणाला ठेवून जाणार नाही.”

तो बसला. बसण्याआधी त्याने शमीच्या खडबडीत बुंध्याला हात लावला, थोर माणसाच्या पायांना लावावा तसा. मत्सर गेला होता का? छे! मत्सर असा एका दुपारीत जात नाही, फक्त घर बदलतो. आता हेरंबला त्या झाडाचाच मत्सर वाटला. तो इकडे सांगलीत कुणाच्या तरी नाकावर चष्मा बसवत होता, तेव्हा या काटेरी, काटकुळ्या, धूळमाखल्या झाडाने तिला दिवसभर सावली दिली होती. तो मान त्याला हवा होता, आणि तो त्याला मिळणार नव्हता.

डाळिंबी मोटरसायकल निघाली. हळू, अगदी हळू, घोटभर पेट्रोलावर, उतार आला की इंजिन बंद करून. ऊन पांढऱ्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे केशरी झाले. वाळूने सकाळी टाकून दिलेले रंग एकेक करून परत घेतले. सूर्य क्षितिजाला टेकला आणि टाकीतला शेवटचा थेंब संपला. इंजिनने आचकासुद्धा दिला नाही, नुसते गप्प झाले. दूर समोर, वाटाण्याएवढा, पंपाचा दिवा लागला होता.

दोघे उतरली. कालिंदीने हँडल धरले, हेरंबने मागून जोर लावला. वाळू पायांखाली सरकत होती, श्वास फुलत होता, गाडी इंच इंच पुढे जात होती. दुचाकी चालवता न येणारा माणूस दुचाकी ढकलत होता, आणि जन्मात कधी नव्हे एवढा तो खूश होता. घामाची धार डोळ्यांत गेली तरी त्याने ती पुसली नाही, कारण त्यासाठी हात काढावा लागला असता.

चालता चालता कालिंदीने हात लांबवून आरसा थोडा वळवला. गुलाबी वाळू, जांभळे आभाळ त्यातून सरकत गेले, आणि आरसा स्थिरावला. हेरंबने मान वर केली. त्या गोल, चंदेरी, धुळीने माखलेल्या आरशात दोन डोळे होते, आणि त्या डोळ्यांना दिसत होते दोन डोळे. पुढे दिवा होता. मागे शमी होती. मध्ये गाडी चालली होती, पेट्रोलाशिवाय.