सहाणेवर झिजलेलं शिंग

मी गेंड्याच्या शिंगाचा तुकडा बोलतोय, रोशनच्या शर्टाच्या खिशातून. त्याची गाडी केळझरहून वर्ध्याकडे सुसाट निघाली आहे. मागे शेजारचे बंडूजी बसलेत, मध्ये त्यांची तापाने फणफणलेली नात अंजू. रोशनचं काळीज माझ्यावर धडधडतंय. ही धडधड मी ओळखतो.

माझा जन्म इथला नाही. दूर आसामात, माणूस बुडेल एवढ्या उंच गवतात एक गेंडीण राहायची. तिच्या नाकावर मी वाढलो. तुमची नखं वाढतात तसाच, आणि त्याच जिनसाचा. चिखलात लोळून आली की ती मला झाडाच्या बुंध्यावर घासायची. घासणं म्हणजे लाड, असं मला वाटायचं. तिच्या मागेमागे तिचं पिल्लू असायचं.

मग एका सकाळी गोळी आली. ती पडली, पण मेली नव्हती. कुऱ्हाड चालत होती तेव्हा तिचा ऊन श्वास मला खालून लागत होता. पिल्लू तिला नाकाने ढकलत होतं. त्याला शिंग आलं नव्हतं, म्हणून त्याला सोडलं.

माझे तुकडे झाले. पोत्यांतून, डब्यांतून फिरत मी वर्ध्याला भैय्याजींच्या हाती पडलो. त्यांचा जडीबुटीचा धंदा. त्यांनी मला फडक्यात बांधून रोशनच्या वडिलांना, नानाजींना दिलं.

"देवघरात ठेवजा. कोणताबी ताप असो, सहाणेवर उगाळून पाजजा. पण कोणापाशी बोलू नका."

तेव्हापासून मी देवघरात. दारात खाकी कपडा दिसला की मला तुरीच्या कोठीत दडपायचे.

यंदा रोशनच्या मोठ्या भावाला, गजेंद्रला ताप आला. लेकरांना वेखंड उगाळून देतात त्याच सहाणेवर त्यांच्या आईने, रुख्माबाईंनी मला उगाळलं. ताप हटेना.

"बाबा, दादाले दवाखान्यात नेऊ. मी गाडी काढतो," रोशन म्हणाला.

"बस खाली! शाळेत मन लागलं नाई अन् मले शिकवून राह्यला का?"

गजेंद्र अंथरुणातून हसला. "नेऊ द्या ना याले. नाईतर माह्या नाकावर शिंग फुटन."

सगळे हसले. हसतहसत रुख्माबाईंनी मला आणखी उगाळलं. गजेंद्रची शुद्ध हरपली तेव्हा कुठे गाडी निघाली. "एवढा उशीर का केला?" डॉक्टरांनी विचारलं म्हणे. गजेंद्र घरी आला तो चादरीत.

आज भैय्याजी सांत्वनाला आले होते. तेवढ्यात अंजूला खांद्यावर टाकून बंडूजी आले. "नानाजी, ते देता का जरासं?"

नानाजींनी मान हलवली. रुख्माबाईंनी सहाण ओली करून मला उगाळायला घेतलं. मी किती झिजलोय ते भैय्याजींनी पाहिलं.

"चिंता नाई. दुसरं येऊन राह्यलं. तिकडं एक जनावर हेरून ठेवलं आहे."

रोशन उठला. त्याने मला हिसकावलं. सहाण अंगणात भिरकावली, ती फुटली.

"दादाले पाजलं, आता हिले पाजता?"

"त्याचं आयुष्यच तेवढं होतं रे," नानाजी पुटपुटले.

"मंग हे वनखात्याच्या हापिसात देऊन येतो मी!"

"जाय ना," भैय्याजी म्हणाले. "आधी तुह्याच बापाले बेड्या पडतीन."

रुख्माबाईंच्या बोटांना माझा ओला लेप लागला होता. त्यांनी तो पदराला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला.

"जाय रे. पहिले पोरीले दवाखान्यात ने. मंग हे वनखात्यात देजो. उगाळणारी मी होती, असं सांगजो. अन् देणारा कोण, तेबी सांगजो."

आता वर्ध्याचे दिवे दिसू लागलेत. रोशन घाबरलाय. अंजू कण्हली की तो गाडी आणखी पळवतो. मलाही भीती वाटते, की कोणीतरी समजूत घालेल आणि हा मला परत देवघरात नेऊन ठेवेल.

बाबांनो, मला जाळून टाका. केस जळल्याचा वास येईल, दुसरं काही नाही. माझ्यात औषध कधी नव्हतंच. पण लवकर करा. भैय्याजींना आजच विचारा, ते हेरलेलं जनावर कुठलं.

त्या पिल्लाच्या नाकावर आता शिंग आलं असेल.