साखळीचा वाटा

मित्रांनो, शेतकी कार्यालयाच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्चीखाली जो गंजका ढीग दिसतो ना, ती मी. जमीन मोजायची लोखंडी साखळी. आज माझ्या आडोशाला पाली राहतात. एके काळी मी शेतात पसरले की भलेभले हातातलं काम टाकून बांधावर येत.

लोहाराने माझ्या शंभर कड्या ठोकल्या, तेव्हा लांबीत केसाचाही फरक नव्हता. पुढे सरकार सूर्यफूल आणि तीळ पेरणाऱ्यांना एकरामागे अनुदान देऊ लागलं. शेतकऱ्याने पेरलेले एकर अर्जात लिहायचे आणि मोजणीदाराने मला ओढत नेऊन ते पडताळायचे. "साखळी सांगेल ते खरं," असं तो म्हणायचा आणि मी फुशारून जायचे.

वीस वर्षं मी दगडाधोंड्यांतून हिसके खाल्ले. कड्यांची तोंडं उघडली आणि मी हातभर लांबले. माप लांबलं की शेत कमी भरतं. माझी दरवर्षी तपासणी व्हायची, पण ती फक्त कागदावर.

गावाला कारण कळलं नाही, पण शेत कमी भरतं एवढं कळलं. मोजणीत अर्जापेक्षा कमी भरलं की अर्ज खोटा ठरायचा, म्हणून सगळे मुकाट्याने अर्जात थोडं कमी लिहू लागले. त्याला ते 'साखळीचा वाटा' म्हणत आणि हसत.

एका शेतकऱ्याच्या माघारी त्याची थोरली लेक शेती पाहू लागली. पहिल्याच वर्षी तिने सूर्यफूल पेरलं. अनुदानावरच तिच्या पुढच्या पेरणीची भिस्त होती. चुलत्याने तिला समजावलं, "पोरी, साडेचारच लिही. साखळीला तिचा वाटा सोडावा लागतो."

"काका, पेरलंय पाच एकर. मग साडेचार कसं लिहू? खोटं नाही का ते?"

तिने पाच लिहिलं. माझ्या मापाने पावणेपाच भरलं.

"परत मोजा ना," ती म्हणाली.

"साखळी खोटं बोलत नाही, बाई. तुम्ही बोललात," मोजणीदार म्हणाला. मित्रांनो, त्या क्षणी तुटून पडावं असं मला वाटलं. पण लोखंड मेलं चिवट.

नियमाप्रमाणे अर्ज खोटा ठरला आणि अनुदान तीन हंगाम बंद झालं. कार्यालयाच्या फळ्यावर खोट्या अर्जदारांत तिचं नाव लागलं. बियाणं उधार द्यायलाही कुणी तयार होईना. शेवटी शेत चुलत्याला कसायला देऊन ती शहरात गेली. तिथे एका तेलगिरणीत ती दुसऱ्यांचं बी निवडते म्हणतात.

दोन वर्षांनी नवी पोलादी फीत आली. पहिलं माप त्याच शेताचं निघालं. सवयीने मलाही बरोबर नेलं होतं. चुलत्याने अर्जात साडेचार लिहिलं होतं. फितीने पाच भरलं, अगदी काटेकोर. मोजणीदाराने मला फितीशेजारी अंथरलं. माझं टोक हातभर पुढे गेलेलं दोघांनी पाहिलं.

"पोरीला कळवायचं का?" चुलत्याने हळूच विचारलं.

"आणि जुन्या सगळ्या मोजण्या उकरू? तुमचे पाच मांडतो, सही करा."

चुलत्याने खाली मान घालून सही केली.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, घासूनपुसून भिंतीवर टांगणंही नको. ज्या मापाने माणसाला खोटं ठरवता, ते आधी तपासत जा. आणि फळ्यावरचं तिचं नाव पुसायला कुणी येणार नसेल, तर निदान गिरणीत जाऊन तिला एवढं सांगा, की शेत पाच एकरच होतं.